बारा ताटल्यांचा प्रयोग: अतिनील किरणांनी बिघडलेला डीएनए पेशी कसा दुरुस्त करते

आमच्याकडे बेळगावात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली पोरं पीयूला, म्हणजे अकरावी-बारावीला, आली की एका उन्हाळ्यात इंग्रजीत शिकायला लागतात. 'थायमिन डायमर' हे शब्द त्यांना पाठ असतात, परीक्षेत दोन मार्कही मिळतात. पण काही वर्षांपूर्वी येळ्ळूरकडच्या एका मुलीनं वर्गात हात वर केला आणि विचारलं, "टीचर, डायमर म्हणजे तुटतंय की जुळतंय ओ?"

जुळतं. मी फळ्यावर लिहीत होते ते थांबले, कारण वर्गातल्या बाकी सगळ्यांच्या डोक्यात ते 'तुटतं' असंच होतं. चूक माझीच, मीच 'डीएनएची मोडतोड' असं सांगत आले होते.

त्या प्रश्नातून पुढं एक प्रयोग उभा राहिला. बेकरीतलं यीस्ट, किराणा दुकानातलं चायना ग्रास, बटाटे, कुकर आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतेच अशी एक जांभळी नळी एवढ्यावर तो होतो. पीयूचे किंवा बीएस्सीचे विद्यार्थी शिक्षकांसोबत चार-पाच दिवसांत तो पुरा करू शकतात. तो कसा करायचा ते इथं सांगते. पण आधी काय बघायचंय ते कळलं पाहिजे, नाहीतर ताटलीवरचे (म्हणजे पेट्री डिशवरचे) ठिपके मोजण्यात काही अर्थ नाही.

नेमकं जुळतं काय

डीएनए म्हणजे दोन पट्ट्यांची पिळलेली शिडी आणि तिची चार अक्षरं ए, टी, जी, सी, हे माहीत असेलच. यातली टी (थायमिन) आणि सी (सायटोसिन) ही दोन अक्षरं पिरिमिडीन जातीची. एकाच पट्टीवर दोन पिरिमिडीन शेजारी शेजारी आली, मग टी-टी असोत, टी-सी असोत वा सी-सी, तर ती जागा अतिनील किरणांना बळी पडणारी. डीएनए साधारण २६० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सगळ्यात जास्त शोषून घेतो. ती ऊर्जा आत आली की शेजारच्या दोन अक्षरांतले दुहेरी बंध उघडतात आणि एकमेकांना धरतात. चार कार्बनांची एक चौकट तयार होते. एवढं सगळं सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागात होऊन जातं. नेदरलँड्समध्ये बॉयकर्स आणि बेरेंड्स यांनी थायमिनचं द्रावण गोठवून त्यावर अतिनील किरण सोडले आणि १९६० साली हा जोड, म्हणजेच थायमिन डायमर, ओळखला. दुसराही एक प्रकार आहे, त्याला सहा-चार जोड म्हणतात. तो कमी संख्येनं होतो, पण शिडी जास्त वाकडी करतो.

वर्गात मी याला मागाचं उदाहरण देते, कारण वडगाव-खासबागची निम्मी पोरं मागाच्या खडखडाटात वाढलेली. ताण्याला खळ लावताना शेजारचे दोन धागे चिकटले तर काय होतं? धागा तुटलेला नसतो. पण फणी तिथं अडते, धोटा अडकतो, आणि विणकरानं दुर्लक्ष करून पुढं रेटलं तर कापडात दोष येतो. पेशीतही असंच आहे. डीएनएची नक्कल काढणारं पॉलिमरेज नावाचं एन्झाइम त्या जोडापाशी येऊन थबकतं. पेशी एक तर मरते, नाहीतर अंदाजानं अक्षर भरून पुढं जाते. अंदाज चुकला की उत्परिवर्तन. सूर्यप्रकाशाची सही त्यात स्पष्ट दिसते: सी-सीच्या जागी टी-टी. त्वचेच्या कर्करोगात पी-५३ नावाच्या जनुकात हीच सही सापडते.

बेळगावचं ऊन किती कडक

सूर्याचे अतिनील किरण तीन गटांत मांडतात. १०० ते २८० नॅनोमीटर हा सी गट, २८० ते ३१५ बी, आणि ३१५ ते ४०० ए. सी गट ओझोनच्या थरात आणि वरच्या हवेत पूर्ण अडतो, जमिनीपर्यंत येतच नाही. बी गटाचा बराचसा भाग अडतो. खाली पोचतं त्यात सुमारे ९५ टक्के ए गटच असतो. पण वर सांगितलेले जोड मुख्यतः करतो तो उरलासुरला बी गट.

बेळगाव साधारण १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली गायब होते. ऑगस्टमध्ये ढगांमुळे ते कुणाला दिसत नाही हा भाग वेगळा. दुसरी गोष्ट पोरांना नेहमी चकवते. आपली खरी दुपार बाराला होत नाही. घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि आपण ७४.५ अंशावर, म्हणून सूर्य माथ्यावर यायला साडेबारा वाजतात. शिवाय शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास. उंचीच्या दर हजार मीटरला अतिनील किरण दहा-बारा टक्क्यांनी वाढतात. 'आपलं बेळगाव थंड' म्हणून उन्हाला हलक्यात घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: कातडीला जाणवणारी उष्णता अवरक्त किरणांची असते. अतिनील किरण जाणवतच नाहीत.

मोजायला यंत्र नसेल तर सावली बघा. स्वतःची सावली उंचीपेक्षा आखूड झाली की अतिनील किरण जोरात आहेत असं समजावं.

सूर्य सोडून नळी का

पहिल्या वर्षी आम्ही ताटल्या थेट गच्चीवर उन्हात ठेवल्या. सगळं वाळून गेलं. यीस्ट उन्हानं मेलं, उष्णतेनं मेलं की पाणी आटून मेलं, काही सांगता येईना. आणखी एक अडचण होती, ती नंतर कळली: उन्हात बिघाड करणारा प्रकाश आणि दुरुस्ती करणारा प्रकाश दोन्ही एकत्रच असतात. ती दोन वेगळी करायची असतील तर बिघाड नळीनं करायचा आणि दुरुस्ती खिडकीतल्या उजेडानं.

ही नळी म्हणजे लॅमिनार हूडमध्ये (जंतूंपासून जपून काम करायच्या, पुढं काच असलेल्या कपाटात) जंतू मारायला बसवलेली पाऱ्याची नळी. ती २५४ नॅनोमीटरचे किरण सोडते, सूर्याचे जे आपल्यापर्यंत पोचत नाहीत तेच. दिसते ती जांभळी झाक म्हणजे अतिनील नव्हे. खरा मारा अदृश्य असतो.

इथं जरा थांबून सावधगिरीचं बोलते, कारण मी स्वतः भोगलंय. एकदा नळी चालू असताना 'दोनच सेकंद' म्हणून हूडची काच वर करून आत डोकावले. तेव्हा काहीच झालं नाही. रात्री एकच्या सुमाराला डोळ्यांत मूठभर वाळू गेल्यासारखं झालं, पाणी थांबेना, उजेड सहन होईना. उद्यमबागेत वेल्डिंग करणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे. चष्म्याशिवाय आर्क पाहिली की रात्री डोळे येतात ते हेच. बुबुळावरच्या पेशी जळतात, आणि त्रास सहा-आठ तासांनी सुरू होतो म्हणून माणूस गाफील राहतो. तेव्हा नियम साधे आहेत. नळीचं बटण शिक्षकांच्याच हातात. नळी चालू असताना काच खाली. पूर्ण बाह्या, हातमोजे, बाजूनं झाकलेला चष्मा. हूड नसेल तर प्रयोग करू नका. घरच्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातली नळी काढून टेबलावर लावण्याची कल्पना दरवर्षी एखाद्या हुशार पोराला सुचते. ती तिथंच मोडून काढायची.

तयारीचा दिवस

ताटल्यांतली खीर, म्हणजे पोषक माध्यम, बटाट्याचं करायचं. आपल्या तालुक्यात बटाट्याला तोटा नाही. १०० ग्रॅम सोललेला बटाटा बारीक चिरून अर्धा लिटर पाण्यात मऊ होईपर्यंत उकळा आणि फडक्यानं गाळा. पाणी पुन्हा अर्धा लिटर करा. त्यात १० ग्रॅम ग्लुकोज आणि १० ग्रॅम चायना ग्रास घाला. चायना ग्रास म्हणजेच प्रयोगशाळेतलं अगार. दुकानातली पट्टी कमी-जास्त दर्जाची असते, म्हणून आधी थोडं करून घट्ट होतंय का बघावं. बाटलीचं बूच सैल ठेवून कुकरमध्ये ठेवा. शिट्ट्या मोजू नका. वाफ जोरात यायला लागली की आच बारीक करून घड्याळात २० मिनिटं. कुकरमध्ये १२१ अंशांच्या आसपास तापमान जातं ते दाबामुळं, साध्या उकळण्यानं जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत.

हाताला सोसेल इतकं गरम असताना ताटल्यांत ओता, ज्योतीशेजारी, बोलणं बंद ठेवून. चायना ग्रास साधारण ४० अंशांखाली गोठतं, त्याच्या आत ओतून झालं पाहिजे. अर्ध्या लिटरात पंचवीसेक ताटल्या होतात. त्या रात्रभर उलट्या ठेवायच्या, म्हणजे झाकणावरचं पाणी खिरीवर पडत नाही. सकाळी ज्यांत काही उगवलं असेल त्या बाद.

पावसाळ्यात हे करू नका. जून ते सप्टेंबर आमच्या प्रयोगशाळेत हवेतूनच इतकी बुरशी पडते की यीस्ट कुठलं आणि बुरशी कुठली हे ओळखण्यातच वेळ जातो. जानेवारी ते मार्च उत्तम.

यीस्ट पातळ करणं

बेकरीच्या सुक्या यीस्टच्या एका ग्रॅममध्ये ढोबळमानानं हजार कोटी पेशी असतात. एवढ्या ताटलीत पसरल्या तर सगळी साय होईल. आपल्याला सुटे ठिपके हवेत, प्रत्येक ठिपका एका पेशीपासून वाढलेला.

एक ग्रॅम यीस्ट १०० मिली उकळून कोमट झालेल्या पाण्यात मिसळा, दहा मिनिटं ठेवा, चांगलं हलवा. आता एका मिलीत दहा कोटी. पाच नळ्यांत प्रत्येकी ९ मिली उकळून गार केलेलं पाणी घ्या. मेडिकलमध्ये मिळणारी एक मिलीची सुईशिवायची सिरिंज घेऊन मूळ द्रावणातलं १ मिली पहिल्या नळीत, हलवून तिच्यातलं १ मिली दुसऱ्या नळीत, असं पाचव्यापर्यंत. दर वेळी नवी सिरिंज. प्रत्येक पायरीला दहापट पातळ होतं. पाचव्या नळीत एका मिलीत साधारण हजार पेशी राहतात, म्हणजे ०.१ मिली पसरलं की शंभरेक ठिपके. चौथीतून पसरलं तर हजारेक.

आधी चाचणी, मग प्रयोग

प्रत्येक अतिनील नळीचा जोर वेगळा, जुनी नळी तर फार मंद. म्हणून कुणाच्या वहीतले सेकंद उतरवू नका. पाच ताटल्या घ्या: एक तशीच, बाकीच्या १५, ३०, ६० आणि १२० सेकंद. पहिल्या ताटलीत पाचव्या नळीतलं द्रावण, इतरांत चौथीतलं. पसरून दहा मिनिटं सुकू द्या.

नळी पेटल्यावर पाच मिनिटं तिचा जोर स्थिर होत नाही. यावर आमचा उपाय असा: ताटल्यांची झाकणं काढून त्यांवर पुठ्ठ्याचा एक मोठा तुकडा झाकायचा, पुठ्ठ्याला दोरी बांधून ती काचेखालून बाहेर काढायची. काच खाली, नळी चालू, पाच मिनिटांनी दोरी ओढायची, स्टॉपवॉच चालू. वेळ झाली की नळी बंद. झाकणं काढायला विसरलात तर सगळं वाया: साधी काच आणि प्लॅस्टिक दोन्ही २५४ नॅनोमीटर अडवतात. मी मुद्दाम एक ताटली झाकणासकट ठेवते. तिच्यावर पूर्ण पीक आलेलं पाहिलं की हूडची काच का खाली हवी ते पुन्हा सांगावं लागत नाही.

चाचणीच्या ताटल्या लगेच फॉइलमध्ये गुंडाळा. दोन दिवसांनी मोजा आणि दहातली एक किंवा वीसातली एक पेशी जगते तो वेळ निवडा.

बारा ताटल्या

तीन-तीनचे चार गट करायचे:

- किरण नाहीत, अंधारात
- किरण नाहीत, उजेडात
- किरण दिले, अंधारात
- किरण दिले, उजेडात

किरण न दिलेल्या सहा ताटल्यांत पाचव्या नळीतलं द्रावण, किरण द्यायच्या सहांत चौथीतलं. खोलीतले दिवे बंद, खिडक्यांवर पडदे. हाताशी एक टॉर्च ठेवा, तिच्यावर लाल जिलेटीन कागद दोन-तीन पदरी बांधलेला. निवडलेला वेळ किरण द्या. मग लाल उजेडातच झाकणं लावा, अंधाराच्या सहा ताटल्या तिथल्या तिथं फॉइलमध्ये गुंडाळा आणि उजेडाच्या सहा बंद काचेच्या खिडकीपाशी तासभर ठेवा. थेट ऊन नको, ताटली तापते. उत्तरेकडची उजळ खिडकी चांगली. ऊनच असेल तर परातीत गार पाणी घेऊन ताटल्या त्यात तरंगवा. खिडकीची काच बी गट अडवते आणि निळा प्रकाश आत सोडते, नेमकं तेच हवं आहे. तासानंतर त्यांनाही फॉइल.

मग सगळ्या बारा ताटल्या २८ ते ३० अंशांत दोन दिवस. जानेवारीतल्या बेळगावच्या रात्री यीस्टला गारठवतात, तेव्हा थर्माकोलच्या पेटीत गरम पाण्याची बाटली ठेवून चालतं.

मोजताना ताटलीच्या पाठीवर पेननं टिंब करत जा. समजा किरण न दिलेल्यांची सरासरी ११० आली. ती पाचव्या नळीची, चौथीच्या हिशेबात ११००. किरण देऊन अंधारात ठेवलेल्यांत ७० आले, म्हणजे जगण्याचं प्रमाण सहा टक्क्यांच्या वर थोडं. किरण देऊन उजेडात ठेवलेल्यांत ३०० आले तर सत्तावीस टक्के. तेच यीस्ट, तितकेच किरण, फरक एका तासाच्या उजेडाचा. किरण न दिलेल्या दोन गटांत फरक नसला पाहिजे. असेल तर उजेडानं किंवा उष्णतेनं दुसरंच काहीतरी केलंय, निकाल लिहू नका.

आमची फसलेली खेप

नळी वापरून पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा अंधार आणि उजेड यांत काडीचा फरक आला नाही. पोरं खट्टू झाली, मी दिलेल्या सेकंदांना दोष दिला. मग एका मुलानं आठवण करून दिली: किरण दिल्यावर सगळ्या ताटल्या आम्ही खिडकीजवळच्या टेबलावर ठेवून नावं लिहीत बसलो होतो, चांगला अर्धा तास. अंधाराच्या ताटल्यांनाही तोवर उजेड मिळून गेला होता.

गंमत म्हणजे विज्ञानात ही गोष्ट सापडली तीही अशीच. अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बरला अल्बर्ट केल्नर स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूच्या बीजाणूंवर अतिनील किरणांचे प्रयोग करत होते. एकाच तऱ्हेच्या नमुन्यांत कधी थोडे जगत, कधी भरमसाट. त्यांनी तापमानावर संशय धरला. शेवटी लक्षात आलं की फरक तापमानाचा नसून नमुन्यांवर पडणाऱ्या उजेडाचा होता. त्याच सुमारास रेनाटो डुलबेको यांना विषाणूंच्या प्रयोगात एकावर एक रचलेल्या ताटल्यांपैकी दिव्याजवळच्या वरच्या ताटलीत जास्त विषाणू जगलेले दिसले. दोघांचीही निरीक्षणं १९४९ सालची. आमची पोरं सत्तरएक वर्षं उशिरा त्याच खड्ड्यात पडली, पण पडली ती आपल्या पायांनी.

ताटलीत घडलं काय

यीस्टमध्ये फोटोलायेज नावाचं एन्झाइम असतं. ते अंधारातही जोडावर जाऊन बसतं, पण काम करायला त्याला प्रकाश लागतो. त्याच्या अंगात दोन मदतनीस रेणू. एक अँटेनासारखा निळा आणि जवळच्या ए गटातला प्रकाश झेलतो, दुसरा, फ्लेव्हिन, ती ऊर्जा घेऊन जोडाला एक इलेक्ट्रॉन देतो. जोड उसवतो, इलेक्ट्रॉन परत येतो, दोन अक्षरं पहिल्यासारखी सुटी. काही कापावं लागत नाही, काही भरावं लागत नाही. चिकटलेल्या दोन धाग्यांमधून नखानं खळ सोडवावी तसं. लाल टॉर्च का चालते तेही यात आलं: लाल प्रकाश या अँटेनाला दिसतच नाही.

मग अंधारातले ७० कसे जगले? त्यातल्या काहींना किरणांचा मार कमी बसला असेल, पण बऱ्याचजणांनी दुसरी वाट धरली. ही वाट प्रकाशाशिवाय चालते आणि कातरकामाची आहे. बिघडलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना पट्टीला काप घालायचा, मधला तुकडा काढून टाकायचा, समोरची पट्टी बघून नवी अक्षरं भरायची आणि सांधा जुळवायचा. जिवाणूंमध्ये हा तुकडा १२-१३ अक्षरांचा, माणसात तीसच्या आसपास. दोन अक्षरांच्या चुकीसाठी तीस अक्षरं उचकटायची म्हणजे उधळपट्टी वाटते. पण ही वाट कुठल्याही वाकड्या भागावर चालते, तंबाखूच्या धुरातल्या रसायनांनी केलेल्या गाठींवरसुद्धा. फोटोलायेजला फक्त हे अतिनील जोड कळतात.

तुर्कस्तानात जन्मलेल्या अझीझ सँकार यांनी या दोन्ही वाटांवर काम केलं आणि २०१५ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये टोमास लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्यासोबत त्यांचा वाटा होता.

अंधारातली वाट वेगळी दाखवायची असेल तर प्रयोगाला एक जोड द्या. दुसऱ्या नळीतल्या द्रावणाचा पातळ थर ताटलीत घेऊन किरण द्या, लगेच फॉइल. त्यातलं थोडं त्याच वेळी पातळ करून खिरीवर पसरा, उरलेलं नुसत्या पाण्यात अंधारात ठेवून दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी तितक्याच प्रमाणात पसरा. सगळं लाल उजेडात. पाण्यात उपाशी राहिलेल्या पेशी बऱ्याचदा जास्त जगतात, कारण पोट भरलेली पेशी विभाजनाच्या घाईत असते आणि दुरुस्ती व्हायच्या आतच नक्कल काढायला बसते. हा परिणाम दर वेळी तितका ठसठशीत येत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आपल्याला खिडकी उपयोगाची नाही

वर्गातला ठरलेला प्रश्न: मग उन्हात फिरून आल्यावर निळ्या दिव्याखाली बसावं का? नाही. कांगारू आणि त्याच्या पिशवीवाल्या भाऊबंदांत फोटोलायेज आहे, पण माणसासकट वारेच्या सगळ्या सस्तन प्राण्यांच्या वंशात ते हरवलं. आपल्याकडे फक्त कातरकाम. सहा-चार जोड काही तासांत निघतात, चौकटीचे जोड चोवीस तासांनंतरही सगळे निघालेले नसतात. आज दुपारी लागलेलं ऊन उद्या दुपारी पुन्हा लागतं तेव्हा कालचं काम अर्धवट पडलेलं असू शकतं. फार बिघडलेल्या पेशी स्वतःहून मरतात. ऊन लागल्यावर साल निघते त्यात अशाच पेशी असतात.

कातरकामच जन्मतः बंद असेल तर? झेरोडर्मा पिग्मेंटोसम नावाच्या दुर्मीळ विकारात तेच होतं. १९६८ साली जेम्स क्लीव्हर यांनी दाखवलं की या रुग्णांच्या पेशींना अतिनील बिघाड काढता येत नाही. तान्ह्या वयात थोड्या उन्हानंही कातडी भाजणं, चेहऱ्यावर-हातांवर दाट तीळ, उजेडाचा त्रास अशी लक्षणं असतात. विकार अप्रभावी जनुकाचा, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच दिसतो. आपल्या भागात मामाची मुलगी करण्याची रीत अजून आहे, आणि नात्यात लग्न झालं की दोघांकडे एकच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते. बाळाची अशी लक्षणं दिसली तर अंगारे-धुपारे न करता त्वचारोगतज्ज्ञाकडं न्यावं.

बाकीच्यांसाठी खानापूरकडच्या बायका रोपलावणीला डोक्यावरून घेतात ते इरलं फार शहाणपणाचं, पाऊस आणि ऊन दोन्हीला. सावळ्या कातडीत मेलॅनिन पेशीच्या केंद्रकावर टोपीसारखं बसतं आणि बराच मार अडवतं, सगळा नाही. आणि ऊन पूर्ण टाळायचंही नाही, ड जीवनसत्त्व त्याच बी गटावर बनतं.

भातालाही फोटोलायेज असतं. जपानमधल्या 'सासानिशिकी' आणि 'नोरिन-१' या दोन भातवाणांत त्या एन्झाइमच्या १२६ व्या जागी एका अमिनो आम्लाचा फरक आहे. तेवढ्यानं नोरिन-१ अतिनील किरणांपुढं लवकर मान टाकतो. आपल्या बेळगाव बासमतीचं काय, हा प्रश्न मी पुढच्या तुकडीच्या प्रकल्पासाठी राखून ठेवलाय.

आवरताना

मोजून झालं की ताटल्या तशाच कचऱ्यात टाकू नका. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात रात्रभर बुडवा किंवा काचेच्या असतील तर कुकरमधून काढा. वहीत तारीख, नळी किती जुनी, तिच्यापासून ताटलीचं अंतर, सेकंद, खोलीचं तापमान लिहा. शिवाय किरण दिल्यापासून फॉइल लागेपर्यंत गेलेली मिनिटं, ताटल्या कुठल्या खिडकीपाशी होत्या आणि बाहेर ढग होते का, तेही. आमच्या पहिल्या वहीत हे तीन रकाने नव्हते.